उन्हाची पेटी

बुलढाणा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, घाटमाथ्यावर वसलेले आहे. मलकापूरकडून येणारा रस्ता राजूरचा घाट चढून वर आला, की हवेतील फरक तत्काळ जाणवू लागतो. खाली पूर्णेच्या खोऱ्यात ऊन मी म्हणत असते, तेव्हा वर अंगाला गार झुळूक लागते. आणि पौष-माघाच्या पहाटे तर हातपाय गारठून जातात. अशा दिवसांत शेतातील वस्तीवर पहिले काम असते ते आंघोळीचे पाणी तापविण्याचे. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या, जे हाताशी असेल ते चुलीत सारायचे, फुंकणीने फुंकायचे आणि धुराने डोळे चोळीत बसायचे. उन्हाळ्यात वेचून, वाहून आणलेले सरपण हिवाळा सरण्यापूर्वीच संपत येते.

परंतु त्याच अंगणात आणखी एक दृश्य दिसते. घरातील जाणती आजी तांब्याचे घंगाळ पाण्याने भरून सकाळीच उन्हात ठेवते. दुपारी ते पाणी कोमट झालेले असते आणि त्या पाण्याने ती तान्ह्या बाळाला न्हाऊ घालते. ह्या पाण्याला सरपण लागत नाही, धूर सोसावा लागत नाही, पैसाही पडत नाही. उणीव एवढीच, की ऊन कलले की पाणी निवते. सूर्य दिवसभर देतो, पण दिलेले हातात राहत नाही. ही उष्णता धरून ठेवता येईल काय? आणि आपण जसजसे डोंगर चढतो तसतसे सूर्याच्या अधिक जवळ जात असता, वर थंडी अधिक का? हे दोन प्रश्न वरवर निराळे वाटतात. ते एकाच पेटीने सोडविणाऱ्या एका थोर शास्त्रज्ञाची ही कथा आहे. त्याचे नाव ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर.

सोस्यूरचा जन्म १७ फेब्रुवारी १७४० रोजी जिनेव्हा शहराजवळ कोंश येथे झाला. जिनेव्हा हे आज स्वित्झर्लंड देशात आहे. त्या काळी ते एक लहानसे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. सोस्यूरचे घराणे सुखवस्तू व सुशिक्षित होते. वडिलांना शेतीशास्त्राची आवड होती. मावशीचा पती शार्ल बोने हा त्या काळचा नामांकित निसर्गशास्त्रज्ञ होता. त्याच्या सहवासात लहानग्या सोस्यूरला झाडाझुडपांचे निरीक्षण करण्याचा नाद लागला. पाने, फुले, दगड गोळा करीत तो जिनेव्हाभोवतीचे डोंगर पायी तुडवू लागला.

जिनेव्हातून आकाश निरभ्र असेल तेव्हा दूरवर एक शुभ्र शिखर दिसते. ते माँ ब्लां, म्हणजे धवल पर्वत. आल्प्स पर्वतातील हे सर्वांत उंच शिखर असून त्याची उंची सुमारे ४८०० मीटर आहे. त्या काळापर्यंत त्याच्या माथ्यावर मनुष्याचे पाऊल पडले नव्हते. त्या बर्फावर रात्र काढणारा माणूस सकाळी जिवंत राहणार नाही, असे पायथ्याच्या खोऱ्यातील लोक समजत. इ. स. १७६० मध्ये वीस वर्षांचा सोस्यूर चामोनीच्या खोऱ्यात गेला. त्या शिखराने त्याचे मन असे वेधून घेतले, की जो कोणी वर जाण्याची वाट शोधून काढील त्यास आपण इनाम देऊ, असे त्याने गावोगाव जाहीर केले. ते इनाम पुढे सव्वीस वर्षे तसेच पडून राहिले.

मध्यंतरी सोस्यूर स्वस्थ बसला नव्हता. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो जिनेव्हाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. दरवर्षी सवड मिळताच तो आल्प्सच्या वाटा धरी. हातात काठी, खांद्यावर झोळी आणि झोळीत उष्णतामापक व वायुभारमापक, असा त्याचा थाट असे. पर्वताचे सौंदर्य तर तो पाहीच. पण त्याबरोबर तेथील हवेचे, दगडांचे व उष्णतेचे मोजमापही तो वहीत टिपून ठेवी. डोळ्यांनी पाहिले ते मोजून पाहावे, आणि मोजल्यावाचून मत देऊ नये, हा त्याचा बाणा होता.

ह्या भ्रमंतीत त्याच्या मनात एक विचार घोळू लागला. काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत किंवा बंद गाडीत ऊन शिरले, की आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक उकडते. ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची होती. पण ती उष्णता किती वाढते, हे नेमके मोजून पाहावे असे कोणाला वाटले नव्हते. आरशांनी व भिंगांनी ऊन एकवटून वस्तू पेटविण्याचे प्रयोग अनेकांनी केले होते. सोस्यूरला ऊन एकवटायचे नव्हते. आलेले ऊन नुसते अडवून ठेवले तर काय होईल, हे त्याला पाहायचे होते.

इ. स. १७६७ मध्ये त्याने काचेचे पाच चौकोनी डबे बनवून घेतले. ते एकापेक्षा एक लहान असून एकात एक बसत. त्यांचे तळ उघडे होते. काळ्या लाकडाच्या मेजावर ते पालथे घालून त्याने मेज उन्हात ठेवले आणि सूर्य जसजसा सरकेल तसतसे मेज फिरवून डबे उन्हासमोर राखले. प्रत्येक डब्यात उष्णतामापक होता. काही तासांनी पाहतो तो बाहेरच्या डब्यातील हवा सर्वांत कमी तापलेली, त्याच्या आतली त्याहून अधिक, आणि अगदी आतल्या डब्यात उष्णतामान ८७ अंश सेंटिग्रेडच्या वर गेलेले! त्या उष्णतेत ठेवलेली फळे चुलीवाचून शिजली आणि रसरशीत झाली.

असे का व्हावे? मुलांनो, त्याचे कारण समजून घ्या. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत जातो. आतील काळा पृष्ठभाग तो शोषून घेतो आणि तापतो. तापलेली वस्तूही किरण बाहेर टाकीत असते. पण ते किरण डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण असतात. प्रकाशाला वाट देणारी काच ह्या किरणांना मात्र सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय आतील तापलेली हवाही कोंडलेली असल्याने वाऱ्याबरोबर निघून जात नाही. एका काचेवर दुसरी काच म्हणजे जणू एका गोधडीवर दुसरी गोधडी. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, आपल्या अंगची ऊब ती जाऊ देत नाही. काचेची पेटी सूर्याच्या उष्णतेच्या बाबतीत तेच करते.

पहिल्या प्रयोगाने सोस्यूरचे समाधान झाले नाही. काचेच्या भिंतींतून बरीच उष्णता वाया जाते, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने लाकडाची एक लहान पेटी केली. तिला आतून काळ्या बुचाच्या लाकडाचे अस्तर दिले. हे लाकूड उष्णतेला सहज वाट देत नाही. पेटीच्या तोंडावर थोडे थोडे अंतर सोडून तीन काचा बसविल्या. ह्या पेटीतील उष्णतामान १०९ अंशांपर्यंत चढले. पाणी १०० अंशांना उकळते, हे तुम्हांस ठाऊक आहे. म्हणजे विस्तव नाही, आरसा नाही, भिंग नाही. केवळ काच, काळे अस्तर आणि ऊन एवढ्यावर उकळत्या पाण्याहून अधिक उष्णता त्याने मिळविली होती.

आता त्याने दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. पर्वतावर थंडी का असते? काहींचे म्हणणे असे होते, की वर सूर्याचे किरणच दुबळे होत असावेत. सोस्यूरने वाद घातला नाही. त्याने आपली पेटी घेतली आणि इ. स. १७७४ च्या जुलै महिन्यात तो क्रामों नावाच्या डोंगराच्या माथ्यावर चढला. तेथे भर दुपारीही हवेचे उष्णतामान सुमारे ६ अंश होते. अशा गारठ्यात त्याने पेटी उन्हात मांडली. पेटीतील पारा चढत चढत ८७ अंशांच्या आसपास जाऊन पोचला! पुढे तो सुमारे दीड हजार मीटर खाली, कूरमायरच्या सखल भागात उतरला आणि तीच पेटी तशीच उन्हात ठेवली. तेथे हवा चांगली उबदार होती. परंतु पेटीतील उष्णतामान जवळजवळ तेवढेच भरले.

ह्याचा अर्थ स्पष्ट होता. डोंगरावर सूर्य काही हात आखडता घेत नाही. तो वरही तेवढेच देतो. परंतु वरची विरळ हवा ती ऊब धरून ठेवू शकत नाही. राजूरच्या घाटाखाली आणि घाटावर अशा दोन पेट्या एकाच दिवशी, निरभ्र आकाशाखाली ठेवल्या, तर बुलढाण्याची गार हवा पेटीचे फारसे काही बिघडवणार नाही. थंडीच्या दिवशीही ऊन आपले काम करीतच असते; त्याला सांभाळून ठेवणारे घर मात्र त्यास हवे असते.

इकडे माँ ब्लां शिखर आव्हान देत उभेच होते. अखेर ८ ऑगस्ट १७८६ रोजी चामोनीचा डॉक्टर मिशेल पाकार आणि स्फटिक शोधीत डोंगरांतून हिंडणारा झाक बालमा हे दोघे शिखरावर पोचले. सोस्यूरने जाहीर केलेले इनाम बालमाला मिळाले. ते कळताच सोस्यूरला राहवेना. पुढच्याच वर्षी अठरा वाटाडे व एक सेवक बरोबर घेऊन तो निघाला. मोठमोठ्या भेगांनी फाटलेला बर्फ ओलांडीत आणि दोन रात्री तंबूत काढीत, ३ ऑगस्ट १७८७ रोजी तो माथ्यावर उभा राहिला. खाली चामोनीत त्याची पत्नी दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. तो सुखरूप पोचल्याचे दिसताच निशाण फडकवायचे, असे ठरले होते. ते निशाण फडकलेले पाहिले, तेव्हा कोठे त्याचा जीव भांड्यात पडला.

वीस वर्षांहून अधिक काळ ज्याचा ध्यास घेतला होता, ते शिखर पायाखाली आले. दुसरा कोणी असता तर विजयाच्या आनंदात बुडून गेला असता. सोस्यूर कामाला लागला. विरळ हवेत श्वास पुरत नव्हता, चार पावले टाकताच धाप लागत होती, अन्नावरची वासना उडाली होती. तरी सुमारे साडेचार तास त्याने मोजमापे केली. पाणी उकळून पाहिले. ते तेथे १०० ऐवजी सुमारे ८६ अंशांनाच उकळू लागले. सोबत्यांच्या नाड्या मोजल्या. निळ्या रंगाच्या फिक्या-गडद छटा रंगविलेल्या कागदांशी आकाशाचा रंग ताडून पाहिला. त्याच वेळी खाली चामोनी व जिनेव्हा येथेही निरीक्षणे घेण्याची व्यवस्था त्याने आधीच करून ठेवली होती; कारण दोन ठिकाणांची तुलना केल्यावाचून एका ठिकाणच्या मापाला अर्थ येत नाही, हे तो क्रामोंच्या डोंगरावर शिकला होता.

पुढील वर्षी आपला मुलगा निकोला-तेओदोर याच्यासह त्याने ३३०० मीटरांहून अधिक उंचीवरील एका खिंडीत सतरा दिवस मुक्काम केला. वादळे झाली, बर्फ पडला, तरी निरीक्षणांत खंड पडला नाही. हवेतील दमटपणा मोजण्यासाठी त्याने माणसाच्या केसाचा उपयोग करून एक साधे यंत्र बनविले होते. दमट हवेत केस किंचित लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, हे त्यातील तत्त्व. आपल्या पर्वतयात्रांचा वृत्तांत त्याने चार मोठ्या खंडांत लिहून काढला.

सोस्यूरच्या आयुष्याचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. इ. स. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. तिच्या धामधुमीत त्याची बहुतेक संपत्ती नाहीशी झाली. इ. स. १७९४ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. ज्या पायांनी आल्प्सच्या वाटा तुडविल्या ते पाय दुबळे झाले. तशाही स्थितीत ग्रंथाचे राहिलेले खंड त्याने इ. स. १७९६ मध्ये प्रसिद्ध केले. २२ जानेवारी १७९९ रोजी त्याचा अंत झाला. त्या वेळी जग त्याला ओळखत होते ते पर्वतांचा अभ्यासक म्हणून. त्याची ती काचेची पेटी बहुतेकांच्या लेखी एक मौजेची वस्तू होती. आपली पेटी लहान आहे, स्वस्त आहे, करावयास सोपी आहे, आणि पुढेमागे ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल, असे मात्र त्याने स्वतः लिहून ठेवले होते.

त्याचा तो विश्वास खरा ठरला. इ. स. १८२४ मध्ये फूरिए ह्या फ्रेंच गणितज्ञाने पृथ्वीच्या उष्णतेचा विचार करताना सोस्यूरच्या पेटीचा आधार घेतला. पृथ्वीभोवतीचे वातावरण हेही प्रकाशाला वाट देते आणि उष्णतेला अडविते, हे त्याने त्या पेटीवरून दाखविले. आज पृथ्वीचे उष्णतामान का वाढत आहे ह्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्याच विचाराची वाट पुढे चालत आहेत.

पेटीची ही कल्पना आपल्या महाराष्ट्रातही फार पूर्वी येऊन पोचली. मुंबईच्या उच्च न्यायालयात विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी उपनिबंधक होता. हिंदुस्थानसारख्या देशात लाकूड व कोळसा महाग आणि ऊन मात्र अमाप, मग त्याचा उपयोग का करू नये, असे त्याला वाटले. त्याने आतून आरसे जडविलेले एक अष्टकोनी पात्र तयार केले, त्याच्या मध्यभागी तांब्याचे भांडे ठेवले आणि भांड्यावर काचेची घंटेसारखी झापड घातली. ती झापड म्हणजे सोस्यूरच्या पेटीचेच रूप होते. मुंबईच्या जानेवारीतील उन्हात ह्या साधनावर सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजले. पुढे त्याने कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात पुष्कळसे सपाट आरसे मांडून पाण्याची वाफ केली आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे यंत्र पंधरा दिवस चालवून दाखविले. ह्या प्रयोगांवरील त्याचे पुस्तक इ. स. १८७८ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाले.

परंतु सोस्यूरच्या पेटीचा खरा संसार थाटला गेला तो घराच्या छपरावर. घरावर पाणी तापविण्यासाठी जे सौर साधन बसवितात, ते तुम्ही पाहिले असेल. त्याचा एक साधा प्रकार म्हणजे तिरपी ठेवलेली उथळ पेटी. तिच्या तळाशी व बाजूंना उष्णता रोखणारे जाड अस्तर असते, आत काळा पत्रा व त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या असतात आणि वर काच असते. नळ्यांतील पाणी तापले की हलके होते, आपोआप वर चढते आणि उंचावर ठेवलेल्या टाकीत जाते. टाकीतील थंड पाणी जड असल्याने खालच्या नळीने पेटीत उतरते. पाणी वर चढविण्यासाठी विजेचा पंप लागत नाही. टाकीभोवती जाड वेष्टन असल्याने दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ऊन राहते. म्हणजे आजीच्या घंगाळातील पाणी निवत असे, ती उणीवही भरून निघाली.

आपल्या देशात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, म्हणून ही पेटी दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात. शेतातील ज्या वस्तीवर विजेची तार नाही, तेथेही हे साधन काम देते; कारण त्याला हवे असते फक्त ऊन आणि पाणी. आषाढ-श्रावणात ढग दाटले म्हणजे मात्र ते थकते आणि चुलीला पुन्हा हाक मारावी लागते. पण वर्षातील कितीतरी दिवस आईच्या डोळ्यांतील धूर आणि बहिणीच्या डोक्यावरील मोळी त्यामुळे हलकी होऊ शकते.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी सोस्यूर व त्याचा मुलगा ह्यांच्या स्मरणार्थ एका वनस्पतिगणाला सोस्यूरिया हे नाव दिले. हिमालयात उंचावर, बर्फाच्या शेजारी फुलणारे ब्रह्मकमळ ह्याच गणातील आहे. त्याच्या कळीभोवती कागदासारख्या पातळ, फिकट पानांचा एक मोठा दोना असतो. प्रकाश त्यातून आत येतो, बाहेरचा बोचरा वारा मात्र अडतो आणि आतली फुले उबेत राहतात. पर्वतावर काचेची पेटी घेऊन चढलेल्या माणसाला ह्याहून शोभणारे स्मारक कोणते असणार?

पुढच्या हिवाळ्यात कधी दुपारी अंगणात घंगाळ उन्हात ठेवलेले दिसले, तर क्षणभर थांबा. त्यातील पाण्याला हात लावून पाहा. मग एका काळ्या डब्यात थोडे पाणी घाला, डबा खोक्यात ठेवून भोवती वाळलेले गवत भरा, वर मोठ्या माणसांच्या मदतीने एक काच ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा हात लावून पाहा. दोन्ही पाण्यांतील फरक तुमच्या बोटांना कळेल. अडीचशे वर्षांपूर्वी सोस्यूरने असेच केले होते. सर्वांना दिसत होते तेच त्याने पाहिले. फक्त ते मोजून पाहण्याचे कष्ट त्याने घेतले.